दोन श्वास, एक फुस्स

आमच्या चाचणीघरात एक यंत्र आहे, ते दिवसभर श्वास घेतं. दुसरं काही करत नाही. पिस्टन मागे आला की श्वास, पुढे गेला की उच्छ्वास, आणि प्रत्येक उच्छ्वासाच्या शेवटी असा काही सुस्कारा, की जेवून आरामखुर्चीत पडलेले थोरले काका डोळ्यांसमोर यावेत. म्हणून त्याचं नाव काका. काकांच्या तोंडात पाणबुड्याचा रेग्युलेटर द्यायचा, तो बर्फाळ पाण्याच्या टाकीत बुडवायचा, टाकीतला दाब वाढवायचा, आणि काकांचा श्वास कधी अडतो ते काचेतून बघत बसायचं. याला मी नोकरी म्हणते. पदवी घेताना याहून जरा हालचालीचं काही डोक्यात होतं.

रेग्युलेटर म्हणजे काय, हे सासूबाईंना मी लग्न झाल्यापासून समजावते आहे. पाठीवरच्या सिलिंडरमध्ये हवा इतकी ठासून भरलेली असते की ती थेट तोंडात आली तर माणसाचा फुगा होईल. रेग्युलेटर तिला दोन टप्प्यांत नरम करतो आणि मागाल तेवढीच तोंडाशी आणून देतो. सासूबाई सगळं नीट ऐकून घेतात आणि शेजारणीला सांगतात, मुलगा गॅसच्या कामात आहे. सिलिंडर आहे, रेग्युलेटर आहे, गळतीची भीती आहे. त्यांचं फार चुकतं असंही नाही.

थंड पाण्यात मात्र या नरम स्वभावाच्या वस्तूचं डोकं फिरतं. दाबातून सुटलेली हवा एकदम गार पडते. पाणी आधीच गोठायच्या बेतात असेल तर आतला ओलावा गोठतो, बर्फाचा एखादा कण झडपेत अडकतो, आणि झडप मिटायचं नाव घेत नाही. लोकांना वाटतं रेग्युलेटर गोठला म्हणजे हवा बंद होते. उलट आहे. हवा सुटते. न मागता, भसाभसा, सिलिंडर रिकामं होईपर्यंत. आयुष्यभर कवडी कवडी मोजणाऱ्याने एका दुपारी सगळं उधळून द्यावं, तसं.

माझा नवरा शहराच्या पाणीपुरवठ्याकडे पाणबुड्या आहे. शहर ज्या तलावाचं पाणी पितं, त्याच्या तळाशी पाणी आत घेणारी दोन मोठी तोंडं आहेत, त्यांवर लोखंडी जाळ्या. हिवाळ्यात जाळीवर कुजका पाला आणि बर्फाचा चिखल बसतो. तो कुणीतरी खाली जाऊन खरवडावा लागतो. नळाला पाणी आलं नाही की लोक फोन करतात. पाणी आलं की कोण खाली गेलं होतं हे कुणी विचारत नाही, आणि विचारावं असं त्यालाही वाटत नाही. तोंडात रबर धरून काम करण्यात आयुष्य गेलेला माणूस; गप्पांची हौस नाही.

या हिवाळ्यात त्याचा रेग्युलेटर तीनदा गोठला. तिसऱ्यांदा तो जाळीपाशी होता. कानाशी एकदम नळ फुटल्यासारखा आवाज, डोळ्यांपुढे नुसते बुडबुडे. अशा वेळेसाठी दुसरा रेग्युलेटर गळ्यात असतो, त्याची सिलिंडरवरची तोटी वेगळी असते. पहिल्याची तोटी मानेमागे हात नेऊन फिरवायची, दुसरा तोंडात घ्यायचा आणि वर यायचं. जाड हातमोज्यांनी मानेमागची तोटी फिरवणं म्हणजे उशी बांधलेल्या हाताने सुईत दोरा ओवणं. त्याने ओवला. वर आला. त्याचे साहेब म्हणाले, "तुम्ही घाबरलात. घाबरलं की माणूस भराभर श्वास घेतो. भराभर घेतला की गोठतो."

रेग्युलेटर नवेच होते, उन्हाळ्यात आलेले. ते माझ्याकडे चाचणीला आले. नवऱ्याचं सामान बायकोने तपासावं का, यावर कार्यालयात चर्चा झाली. ते तपासू शकणारं दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे चर्चा लवकर आटपली. मी ते काकांना दिले. काका खोल पाण्यात, बर्फाच्या काठावर, जोरजोरात श्वास घेत राहिले. काही झालं नाही. पुन्हा दिले, पुन्हा काही नाही. मी सही केली: निर्दोष.

साहेबांनी याचा सरळ अर्थ काढला. वस्तू निर्दोष, म्हणजे माणूस सदोष. नवऱ्याने त्यांच्यासमोर एकदा उतरून दाखवायचं. जमलं नाही तर त्याचं थंड पाण्यातलं काम संपलं, पुढे सामानघराच्या किल्ल्या सांभाळायच्या.

"तुझ्या काकांनी मला चांगलाच हात दाखवला," नवरा जेवताना म्हणाला.

"काका खोटं बोलत नाहीत."

"मग मी बोलतो?"

"तसं म्हणाले का मी?"

"सही करून म्हणालीस." त्याने ताट पुढे सरकवलं. "काकांचं बरं आहे. त्यांना साहेब नाही आणि बायको नाही. मी पण शांत श्वास घेईन मग."

मी म्हटलं, मग सोडून दे ना. गुडघे दुखतात, कान दुखतात, रोज सकाळी उठताना कुरकुरतोस. किल्ल्या काय वाईट? गरम खोली असते.

त्याने सरकवलेलं ताट परत ओढून घेतलं. मग म्हणाला, "मलाही कंटाळा आलाय गं. खूप आलाय. पण हा घाबरतो म्हणून काढला, असं नको. निघायचं तर मी निघालो म्हणून निघेन."

एवढंच. मोठमोठ्या गोष्टी करणारा माणूस नाही, पण ही एक त्याला हवी होती.

चाचणीच्या दिवशी मी रजा टाकून तलावावर गेले. इतकी वर्षं त्याच्या तोंडातली वस्तू मी तपासते आहे, पण ती तो प्रत्यक्षात कशी वापरतो हे पाहायला कधी गेले नव्हते. आमच्याकडे अशी पद्धत नाही. ज्याने त्याने आपापल्या टाकीत बघावं.

तलावाच्या काठाला एक धक्का, त्यावरून पाण्यात उतरणारी लोखंडी शिडी, आणि शेजारी कपडे बदलायची पत्र्याची खोली. वारा असा की नाक आहे की गेलं ते हात लावून बघावं लागे. काठावर बर्फाची पापडी धरलेली. खोलीत एक हीटर होता, तो फक्त स्वतःला गरम ठेवत होता. भिंतीवर लाल रंगात लिहिलं होतं: दोन श्वास, एक फुस्स.

"हे काय?" मी विचारलं.

नवरा अंगात जाड रबरी पोशाख चढवत होता. हे काम पाहताना बोलू नये, तरी मी बोलले. तो धापा टाकत म्हणाला, "साहेबांचा नियम. उन्हाळ्यापासूनचा. उतरायच्या आधी धक्क्यावर उभं राहायचं, रेग्युलेटरमधून दोन मोठे श्वास घ्यायचे, सोडायचे. मग बटण दाबून एकदा फुस्स करायचं. साहेबांना ऐकू गेलं पाहिजे."

"कशासाठी?"

"मागे एक जण तोटी न उघडताच उतरला होता. खाली जाऊन बघतो तर हवाच नाही. निळा होऊन वर आला, शिव्या देत. तेव्हापासून."

म्हणजे नियमाला कारण होतं, आणि बरं कारण होतं. साहेब पाणबुड्याचं काम शिकले ते गरम समुद्रात. त्यांच्या टेबलावर कासवासोबतचा फोटो आहे. दोघेही एकाच दिशेला बघतायत, त्यातल्या त्यात कासव जास्त समजूतदार दिसतं. तिकडे नावेवर असे दोन श्वास घेऊन बघतातच, आणि घ्यावेतच.

"फुस्स केल्यावर लगेच उतरता?"

"छे. साहेब बोलतात ना दोन शब्द."

"किती वेळ?"

"साहेब आहेत ते."

मी हीटरजवळ बसले होते ती उठले. काकांच्या तोंडात रेग्युलेटर दिला की मी तो आधी पाण्यात बुडवते आणि मग यंत्र सुरू करते. नेहमी. पाणी थंड असलं तरी ते अजून पाणी असतं, आणि काकांचा पहिला श्वासच पाण्याखाली असतो. इथे माणूस बर्फाहून गार वाऱ्यात उभा राहून आपला गरम, ओला श्वास रेग्युलेटरमध्ये सोडत होता, वर बटण दाबून हवेचा झोत मारून तो आणखी गार करत होता, आणि साहेबांचे दोन शब्द संपेपर्यंत त्या ओलाव्याचा आत बर्फ बनत होता. मग खाली जाऊन आपण घाबरट आहोत हे ऐकायला वर येत होता.

मी नवऱ्याला सांगितलं. तो पोशाखात एक हात अडकलेल्या अवस्थेत माझ्याकडे बघत राहिला.

"म्हणजे फुस्समुळे?"

"श्वासांमुळे. फुस्सने वर मीठ चोळलं."

"आणि रेग्युलेटर निर्दोष."

"निर्दोष."

"आणि मी?"

"तूही."

"मग वाईट कोण?" तो म्हणाला, आणि उरलेला हात पोशाखात घातला. "वाईट कुणी नसलं की फार त्रास होतो."

मी साहेबांकडे गेले. ते धक्क्यावर मफलर गुंडाळून उभे होते. माणूस वाईट नाही. कुणाच्याही आईची तब्येत आवर्जून विचारतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवत ऐकलं.

"मॅडम, तुमच्या टाकीत वारा असतो?"

"नाही. तेच म्हणते आहे मी."

"मग वाऱ्याचं तुम्हाला कसं कळलं?"

"साहेब, ओला श्वास गोठतो. खिडकीच्या काचेवर रोज दिसतं."

"खिडकी वेगळी, विभाग वेगळा." मग आवाज जरा खाली आणून, "हे बघा, आज चाचणी माणसाची आहे, नियमाची नाही. नियमाची चाचणी घ्यायची तर वरून मंजुरी लागेल. तुमचे मिस्टर नियम पाळून उतरले आणि नीट वर आले तर मला आनंदच आहे. नियम न पाळता उतरले तर मी त्यांना पास कसं करू? तुम्हीच सांगा."

श्वास घेतला तर गोठणार, नाही घेतला तर नापास. अशी सोय आमच्या खात्यातच होऊ शकते.

परत खोलीत आले तेव्हा नवरा बाकावर बसून आपल्या गुडघ्यांकडे बघत होता. मी दार लोटून घेतलं.

"घेऊ नकोस," मी म्हटलं.

"काय?"

"श्वास. रबर तोंडात धर, पण नाकाने घे, नाकानेच सोड. छाती वर-खाली कर. फुस्स तोंडाने कर. वाऱ्यात त्यांना काय कळतंय? तोटी उघडी आहे हे मी आत्ता हाताने बघते, दाबाच्या काट्यावर बघते. खरा पहिला श्वास डोकं पाण्यात घालून घे, शिडी धरून."

"तू मला नाटक करायला सांगतेस."

"हो."

"शाळेत मला झाडाचं काम दिलं होतं," तो म्हणाला. "तेही नीट झालं नव्हतं."

पण त्याने केलं. धक्क्यावर उभा राहिला, पाण्यातला चष्मा कपाळावर, रबर तोंडात. छाती अशी फुगवली की पाहणाऱ्याला दम लागावा. दोनदा. मग बटणावर बोट ठेवून दातांतून असं काही फुस्स केलं, की एखाद्या सिलिंडरला लाज वाटावी. साहेबांनी समाधानाने मान हलवली आणि दोन शब्द सुरू केले. सुरक्षिततेपासून निघाले ते राष्ट्रापर्यंत गेले. नवरा तोंडात रबर धरून नाकाने श्वास घेत ऐकत होता. त्याच्या मिशीवर बर्फ धरला, पण रेग्युलेटर कोरडा होता. मग तो शिडी उतरला, डोकं पाण्यात घातलं, क्षणभर थांबला आणि दिसेनासा झाला.

त्याच्या कमरेला बांधलेला दोर धक्क्यावर पाणकावळ्याच्या हातात होता. पाणकावळा म्हणजे नवऱ्याचा जोडीदार. पाण्यात उतरल्यावर मान तेवढी वर काढून इकडेतिकडे बघायची सवय, म्हणून हे नाव. दोघं कितीतरी वर्षं आळीपाळीने एकमेकांचा दोर धरतायत; या हिवाळ्यात मात्र आतापर्यंत नवराच खाली गेला होता. दोराला एक हिसका म्हणजे ठीक आहे. बरेच हिसके म्हणजे ओढा. नाटकाबद्दल त्याला आम्ही बोललो नव्हतो. पाणकावळ्याच्या पोटात गोष्ट टिकत नाही, हे त्याची बायकोही सांगते.

"काळजी करू नका वहिनी," तो म्हणाला. "आज बुडबुडे कसे शहाण्यासारखे येतायत बघा. एकामागे एक. रांगेत."

खरंच रांगेत येत होते. जाळी खरवडून झाली, नवरा वर आला, शिडीवरून धक्क्यावर चढला. त्याचे ओठ इतके बधिर झाले होते की हसणं अर्ध्यावरच राहिलं. साहेबांनी त्याच्या ओल्या खांद्यावर थाप मारली.

"उत्तीर्ण! मी म्हटलं नव्हतं? मन शांत ठेवलंत." मग माझ्याकडे वळून, "बघितलंत ना मॅडम? तुमची शंका होती. डोळ्यांदेखत दोन श्वास, एक फुस्स. गोठला का? नाही गोठला. शेवटी शास्त्र म्हणजे प्रात्यक्षिक."

प्रात्यक्षिक मीच बसवलेलं होतं.

नवरा बाकावर टेकला. त्याला हवं होतं ते मिळालं होतं. आता तो महिनाभर उतरेल आणि मग स्वतःहून म्हणेल, बास झालं; आणि कुणी म्हणणार नाही घाबरला. मला त्याच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं, इतक्या थकलेल्या चेहऱ्यावर जेवढं दिसू शकतं तेवढं.

साहेबांना मात्र हुरूप आला होता. "हातासरशी दुसऱ्या तोंडाची जाळीही करून टाकू," ते पाणकावळ्याला म्हणाले. "तुम्ही उतरा. आणि दोनाचे चार श्वास घ्या. चांगल्या गोष्टीला मर्यादा कशाला?"

पाणकावळा आज्ञाधारक माणूस. दोर नवऱ्याकडे देऊन तो तयार होऊन आला, धक्क्याच्या टोकाला उभा राहिला आणि रेग्युलेटरमधून चार श्वास घेतले. खरेखुरे, पोटापासून, वाफाळलेले. मग बटण दाबून खणखणीत फुस्स केलं. साहेब दोन शब्द बोलू लागले. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो पाणकावळ्याच्या तोंडाकडे बघत होता. दुसऱ्या तोंडाची जाळी पहिल्यापेक्षा खोल आहे, आणि पाणकावळ्याचा उजवा खांदा मानेमागे नीट जात नाही, हे मला त्यानेच कधीतरी सांगितलं होतं.

"थांब रे," नवरा म्हणाला. बधिर ओठांतून ते नीट निघालं नाही. तो उठला, पाणकावळ्यासमोर गेला, आणि त्याच्या तोंडातून रबर उपसून काढलं. "उतरू नकोस. गोठलाय तो."

साहेबांचं वाक्य अर्धं राहिलं. "कशावरून?"

"माझा गोठला नाही, कारण मी घेतलेच नव्हते."

"काय घेतले नव्हते?"

"श्वास."

"मी पाहिले!"

"ते नाकाने होते साहेब."

"आणि फुस्स?"

नवऱ्याने दातांतून फुस्स करून दाखवलं. पाणकावळ्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात बदललं.

साहेबांचा चेहरा रागावला नाही, पडला. ते मला जास्त अवघड गेलं. "म्हणजे तुम्ही माझ्यासमोर खोटा श्वास घेतलात."

"हो."

"तिने सांगितलं म्हणून," असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही. मग मीच म्हटलं, "मी सांगितलं होतं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, मी दुसऱ्या विभागाची.

"एकदा बघा तर खरं," मी म्हटलं. "शिडीवरच. उतरायची गरज नाही."

पाणकावळा शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर उभा राहिला, नवऱ्याने त्याला पाठीमागून पट्ट्याला धरलं. त्याने तो रेग्युलेटर तोंडात घेऊन डोकं पाण्यात घातलं. एक श्वास. दुसरा. तिसऱ्याला पाणी उकळल्यासारखं झालं. तो डोकं वर काढून रबर थुंकला, आणि रेग्युलेटर शिडीवर लोंबकळत, कुणी न मागता, हवा ओतत राहिला. नवऱ्याने तोटी बंद केली तेव्हा कुठे तलावावर शांतता झाली.

साहेब वाकून त्या रेग्युलेटरकडे बघत होते.

"खाली असं होतं?"

"असंच," नवरा म्हणाला. "अंधारात."

साहेबांनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. "नियम वरून मंजूर झालेला आहे," ते शेवटी म्हणाले. "बदलायला हिवाळा जाईल. तोपर्यंत श्वास घ्यायचेच. फक्त शिडीवर घ्या. डोकं पाण्यात घालून."

"आणि फुस्स?" पाणकावळ्याने विचारलं.

"फुस्स राहू द्या." मग नवऱ्याकडे न बघता, "तुमची चाचणी मात्र रद्द. खोटं ते खोटं. आज पास केलं तर उद्या प्रत्येक जण माझ्यासमोर नाकाने श्वास घेईल. या हिवाळ्यात पाण्यात नाही. पुढचं पुढे."

"बरं," नवरा म्हणाला.

मी बोलायला तोंड उघडलं, तर त्याने नको म्हणून मान हलवली. मग खोलीतून आपला जादाचा, दिवसभर कुणी तोंड न लावलेला कोरडा रेग्युलेटर आणला, पाणकावळ्याच्या सिलिंडरला लावला, तोटी उघडली, काटा बघितला आणि त्याला दाखवला.

"घे. आणि इथे वर तोंड लावू नकोस."

"एवढ्यासाठी पास होऊन नापास झालास होय रे?" पाणकावळा म्हणाला. "मला कानात सांगायचं होतंस."

"तुझ्या कानात सांगितलेलं गावभर होतं. म्हटलं, वाटेतला वेळ वाचवावा."

पाणकावळा शिडी उतरला, डोकं पाण्यात घालून दोन श्वास घेतले, अंगठा वर केला आणि गेला. साहेब गाडीत जाऊन बसले. नवऱ्याने दोर दोन्ही हातांत घेतला, पाय फाकवून धक्क्याच्या कडेला उभा राहिला. त्याच्या ओल्या पोशाखावर पातळ बर्फ धरत होता. मी म्हटलं, आत जा, मी धरते. तो म्हणाला, "तुला हिसके कळायचे नाहीत." म्हणून मी त्याच्या मागे वाऱ्याच्या बाजूला उभी राहिले, तेवढाच आडोसा.

दोर हळूहळू खाली जात राहिला, मग थांबला. काही वेळाने त्याला एक हिसका आला. नवऱ्याने एक परत दिला.